कोणतं सोलर पॅनल? नागपूरमधल्या एका गच्चीचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर नागपुरातल्या एका लेआउटमधलं हे दुमजली घर. प्लॉट १५०० चौरस फुटांचा, गच्ची साधारण २६ फूट पूर्व-पश्चिम आणि ३४ फूट दक्षिण-उत्तर. घरात निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. दोन मोठे कूलर, दीड टनाचा एक एसी, फ्रिज, पाण्याची मोटर. कनेक्शन सिंगल फेज, मंजूर भार २ किलोवॅट. घरच्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

वर्षाचा वापर ४,१०० युनिट. महिन्याची सरासरी ३४० च्या आसपास येते, पण नागपूरच्या घरात सरासरीवर विसंबून काही ठरवू नये. डिसेंबर-जानेवारीत २१० युनिट, एप्रिलमध्ये ५२०, मेमध्ये ६१०, जूनमध्ये ४८०. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात, ऊर्जा आकार आणि वहन आकार मिळून, पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे सहा रुपयांच्या आत पडायचं, १०१ ते ३०० ला साडेअकराच्या आसपास, ३०१ ते ५०० ला पावणेसोळाच्या आसपास, आणि पुढे आणखी जास्त. त्यामुळे मे महिन्याचं एकट्याचं बिल वीज शुल्क धरून नऊ हजारांच्या वर जायचं. वर्षाचं ५२ ते ५३ हजार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही लावलं तरी तेवढंच. घरात सोलरचा विषय इथून सुरू झाला. मुलाने तीन व्हेंडरकडून कोटेशन मागवली आणि तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रकारची पॅनल सुचवली.

अडचण

वरवर पाहता प्रश्न एकच होता: पॉली घ्यायचं, मोनो पर्क घ्यायचं की टॉपकॉन? (सेल म्हणजे पॅनलमधले वीज तयार करणारे तुकडे; त्यांचे हे तीन प्रकार.) मुलाचा कल टॉपकॉन बायफेशियलकडे, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनलकडे होता, कारण ते सगळ्यात नवं. वडिलांना पॉली पटत होतं, कारण ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे ३३० वॅटची दहा पॅनल शिल्लक होती आणि तो ती निम्म्या भावात द्यायला तयार होता. आईचा प्रश्न वेगळाच होता: "उन्हाळ्यात वाळवण कुठे घालायचं?" कुरडया, पापड, वर्षभराची डाळ, मिरच्या यांना गच्ची लागतेच. पुढे ढाच्याची, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याची, उंची या प्रश्नानेच ठरवली आणि उंचीने सावलीचा हिशेब बदलला. कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं.

गच्चीची खरी अडचण नैऋत्य कोपऱ्यात होती. जिन्याची खोली आठ फूट उंच, तिच्यावर पाण्याची टाकी, दोन्ही मिळून साडेबारा फूट. पूर्वेला शेजारचं तीन मजली घर, त्याची सावली हिवाळ्यात सकाळी नऊ-सव्वानऊपर्यंत. नागपूरचं अक्षांश २१ अंशांच्या जवळ, त्यामुळे २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे साडेबारा फुटी अडथळ्याची सावली दुपारी बाराला उत्तरेकडे साडेबारा फूट आणि तीनला ईशान्येकडे जवळजवळ २४ फूट. गच्चीची मधली आणि उत्तरेची बरीच जागा यात गेली. खात्रीची जागा उरली ती आग्नेय बाजूची: पूर्व-पश्चिम १८ फूट.

एकाही व्हेंडरने सावली मोजली नव्हती. तिघांनी गच्चीचा फोटो मागवून "तीन किलोवॅट आरामात बसेल" असं कळवलं होतं. बसेल हे खरंच होतं. ते हिवाळ्यात किती वाजेपर्यंत चालेल, हा प्रश्न होता.

कोणते पर्याय होते

तिन्ही पर्याय एका कागदावर मांडले तेव्हा चित्र असं दिसलं (डीसीआर म्हणजे पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले):

| | पॉली | मोनो पर्क हाफ-कट, डीसीआर | टॉपकॉन बायफेशियल, डीसीआर नसलेलं |
|---|---|---|---|
| एका पॅनलची क्षमता | ३३० वॅट | ५४० वॅट | ५८० वॅट |
| पॅनल किती | १० | ६ | ५ |
| एकूण | ३.३ किलोवॅट | ३.२४ किलोवॅट | २.९ किलोवॅट |
| पॅनलचं क्षेत्र | सुमारे २१० चौ. फूट | सुमारे १६७ चौ. फूट | सुमारे १४० चौ. फूट |
| कार्यक्षमता | १७ टक्के | २१ टक्के | २२.५ टक्के |
| सेल एक अंश तापला की घट | ०.४१ टक्के | ०.३५ टक्के | ०.३० टक्के |
| अनुदान | नाही | ७८,००० | नाही |

*पॉली.* निळसर, ठिपकेदार दिसणारी ही जुनी पॅनल. चालत नाहीत असं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी लावलेली आजही वीज देताहेत. इथे मात्र दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीत, म्हणजे एएलएमएममध्ये, घरगुती छतासाठी सिलिकॉन पॅनलची किमान कार्यक्षमता तेव्हा १९.५ टक्के लागायची. १७ टक्क्यांचं पॅनल त्यात बसत नाही, म्हणजे अनुदान नाही. दुसरी, जागा. दहा पॅनल दोन ओळींत लावली तर रुंदी सव्वासोळा फूट होते. १८ फुटांतून ती वजा केली की जिन्याच्या खोलीपासून दोन फूटसुद्धा अंतर उरत नाही, आणि डिसेंबरात दुपारी एक-दीडपासूनच पश्चिमेच्या पॅनलवर सावली चढू लागते. निम्म्या भावातलं पॅनल जुळणी, वायर, ढाचा आणि मजुरी धरल्यावर निम्म्या भावातलं राहत नाही. शिवाय ७८,००० चं अनुदान हातचं जातं. वडिलांनी हा हिशेब स्वतः वहीत मांडला आणि पर्याय बाजूला ठेवला.

*मोनो पर्क.* काळं, एकाच स्फटिकातून कापलेल्या सेलचं पॅनल. सेलच्या मागच्या बाजूला एक थर असतो, तो आत शिरलेला प्रकाश पुन्हा सेलमध्ये परतवतो. पर्क म्हणजे तेच. हाफ-कट म्हणजे प्रत्येक सेल अर्धा कापलेला आणि पॅनलचे वरचा व खालचा असे दोन भाग समांतर जोडलेले. खालच्या भागावर सावली किंवा धूळ आली तरी वरचा भाग काम करत राहतो. ज्या गच्चीवर थोडीफार सावली टळणारच नाही, तिथे ही रचना खरंच उपयोगी पडते.

*टॉपकॉन.* पर्कनंतरच्या पिढीचं पॅनल, कागदावर सगळ्यात सरस. उष्णतेत कमी घसरतं, पहिल्या वर्षाची घट एक टक्का (पर्कला दोन), नंतर वर्षाला ०.४ टक्के (पर्कला ०.५५). पंचविसाव्या वर्षी दोघांच्या वॉरंटीतला फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास निघतो. पण अनुदानासाठी पॅनल डीसीआर लागतं. या तीन व्हेंडरांपैकी कोणाकडेही २०२४ मध्ये डीसीआर टॉपकॉन तयार साठ्यात नव्हतं. एकाने "मागवून देतो" म्हटलं, पण मुदत अडीच-तीन महिने आणि भाव चढा.

हेटरोजंक्शन हा आणखी एक सेलचा प्रकार आणि काचेवर पातळ थर दिलेलं थिन फिल्म यांचीही चौकशी झाली. हेटरोजंक्शन उष्णतेत टॉपकॉनपेक्षाही तगडं, पण तिघांकडेही नव्हतं. थिन फिल्मला तेवढ्याच विजेसाठी जास्त जागा लागते, म्हणून इथे तो विषय दोन मिनिटांत मिटला.

निर्णय कुठे फिरला

मुलाचा मुद्दा वजनदार होता: नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, मग उष्णतेत तगणारं पॅनल का नको? याचं उत्तर आकड्यांतच शोधावं लागलं. पॅनलची क्षमता सेल २५ अंशांवर असताना मोजलेली असते. हवा ४५ अंश असेल तेव्हा उन्हातल्या सेलचं तापमान ७० च्या आसपास जातं, म्हणजे ४५ अंश जास्त. तेवढ्यात पॉली साडेअठरा टक्के उतरतं, पर्क पावणेसोळा, टॉपकॉन साडेतेरा. वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी पर्क आणि टॉपकॉनमध्ये सव्वादोन टक्क्यांचं अंतर. हिवाळा-पावसाळा धरून वर्षभराचा फरक सव्वा-दीड टक्क्यावर येतो. या घराच्या हिशेबात वर्षाला ५० ते ६० युनिट. स्वस्त स्लॅबच्या दराने साडेतीनशे रुपये.

समोर ७८,००० चं अनुदान होतं. टॉपकॉनचं कोटेशन १,५०,०००. पर्कचं, उंच ढाच्यासकट, १,९५,०००; अनुदान वजा जाता १,१७,०००. इथे वाद संपला.

एक बारीक मुद्दा इथेच नोंदवायला हवा, कारण तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. अनुदान मोजताना इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) आणि पॅनल यांतली जी क्षमता कमी असेल ती धरतात. पुढेमागे डीसीआर टॉपकॉनची ५८० वॅटची पाच पॅनल लावली, तर क्षमता २.९ किलोवॅट धरली जाईल आणि अनुदान ७६,२०० होईल. फरक मोठा नाही, पण पॅनलची संख्या ठरवताना ३ किलोवॅटच्या किंचित वर राहणं बरं.

*बायफेशियल का नाही?* बायफेशियल पॅनल मागच्या बाजूनेही प्रकाश घेतं. त्यासाठी खाली पांढरी, मोकळी जमीन आणि वर उंची लागते. उंची इथे होती, गच्चीवर पांढरं चायना मोझेकही होतं. पण खाली दोरीवर कपडे, खाटा, वाळवणाची साडी अंथरलेली. मागच्या बाजूला पोचणारा प्रकाश या सगळ्यात अडकतो. दुसरं कारण गारपिटीचं. काच-काच बायफेशियलमध्ये दोन्ही बाजूंना बहुधा २ मिलिमीटरची काच असते, तर मागे काचेऐवजी प्लास्टिकची बॅकशीट असलेल्या पॅनलला पुढे ३.२ मिलिमीटरची पूर्ण टेम्पर्ड काच. दोन्ही पॅनल प्रमाणित चाचणी पास होतात, पण ती चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेची असते. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याहून मोठी गार पडलेली लोकांनी पाहिलेली आहे. म्हणून जाड काच निवडली. हा निर्णय काहींना अतिसावध वाटेल. आमच्या मते इथे तो बरोबर होता.

सावली आणि ढाचा

वाळवणाच्या प्रश्नामुळे ढाचा पुढून सात फूट उंच करायचं ठरलं. त्याचा एक फायदा लगेच दिसला. पॅनल सात फुटांवर गेलं की साडेबारा फुटांच्या अडथळ्यातले साडेपाच फूटच त्याच्या वर उरतात. डिसेंबरात दुपारी तीनची २४ फुटांची सावली पॅनलच्या पातळीवर साडेदहा फुटांची होते. सहा पॅनल तीन-तीनच्या दोन ओळींत उभी लावली तर रुंदी साडेअकरा फुटांच्या आत येते आणि जिन्याच्या खोलीपासून सहा फूट मोकळे सुटतात. परिणाम: हिवाळ्यातही पावणेतीन-तीनपर्यंत सावली नाही, त्यानंतर पश्चिमेची दोन पॅनल हळूहळू झाकली जातात.

उंचीचा तोटा वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारतीय मानकात नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर ११०० न्यूटनहून अधिक दाब येतो, आणि इथे पॅनलचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. उचलणारा जोर दीड टनाच्या घरात जातो. सहा पॅनलचं वजन १७० किलो, ढाचा आणखी २०० किलो. म्हणजे नुसत्या वजनावर हा ढाचा राहणार नाही. व्हेंडरच्या मूळ नकाशात स्लॅबवर नुसते ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे होते. ते रद्द करून चारही पाय घराच्या कॉलमच्या डोक्यावर काँक्रीटचे छोटे चौथरे (पेडेस्टल) ओतून, १२ मिलिमीटरच्या अँकर बोल्टने, रासायनिक ग्राउट भरून धरले. कॉलम कुठे आहेत हे गच्चीवरून दिसत नाही. बांधकामाचा नकाशा काढावा लागला, आणि एका पायाची जागा दोन फूट सरकवावी लागली. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, थर ८० मायक्रॉन. जागेवर वेल्डिंग करू दिलं नाही. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. सगळी जोडणी नट-बोल्टची.

उतार किती ठेवायचा? नागपूरला १८ ते २० अंश योग्य. पण १५ फूट लांब उताराला २० अंश दिले तर मागचे पाय बारा फुटांवर जातात. १० अंश ठेवले, मागची उंची साडेनऊ फुटांत बसली, आणि वर्षाच्या उत्पादनात दीड-दोन टक्के सोडून दिले. टॉपकॉनसाठी जेवढ्या टक्क्यांवर महिनाभर चर्चा झाली, तेवढे टक्के इथे दहा मिनिटांत सुटले, आणि तेही योग्य कारणासाठी.

बसवणी

अर्ज योजनेच्या पोर्टलवर गेला, मंजूर भार २ वरून ३ किलोवॅट करून घेतला. सिंगल फेजचा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर, सहाही पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली. एका पॅनलचं कामाचं व्होल्टेज साडेएकेचाळीस, सहा मिळून २५०. उन्हाळ्यात तापून २१०-२१५ पर्यंत उतरतं. इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजमध्ये पॅनलकडून जास्तीत जास्त वीज काढू शकतो, त्या एमपीपीटी कक्षेत हे मध्यभागी येतं. दुसरी तपासणी करंटची. ५४० वॅटचं पॅनल १३ अँपिअर देतं, आणि जुन्या बनावटीचे काही इन्व्हर्टर साडेबाराच अँपिअर घेतात. व्हेंडरने पहिल्यांदा सुचवलेला इन्व्हर्टर नेमका तसाच होता. उरलेला करंट वाया गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं. तो बदलून घेतला.

पॅनल आली त्या सकाळी मुलगा डीसीआर प्रमाणपत्राची प्रत घेऊन टेम्पोजवळ थांबला. प्रत्येक पॅनलच्या मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर प्रमाणपत्रातल्या यादीशी जुळवला. चार जुळले, दोन जुळले नाहीत. मॉडेल तेच, कंपनी तीच, वॅट तेवढेच. फक्त ती दोन पॅनल आयात सेलची, म्हणजे डीसीआर नसलेली. व्हेंडरचं म्हणणं, गोदामात अदलाबदल झाली. असेलही. पण डीसीआर आणि साध्या पॅनलच्या भावात वॅटमागे बराच फरक असतो, आणि ही दोन वर चढली असती तर अनुदानाच्या तपासणीत सगळंच अडकलं असतं. काम तिथेच थांबवलं, चार दिवसांनी बदलून पॅनल आली.

बाकीचं नेहमीप्रमाणे: डीसी आणि एसी बॉक्समध्ये सर्ज (अचानक वाढलेलं व्होल्टेज) संरक्षण, तीन स्वतंत्र अर्थिंग (ढाच्याचं, एसीचं आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं). अरेस्टरचं अर्थिंग ढाच्याच्या अर्थिंगला जोडून एक खड्डा वाचवायचा प्रयत्न झाला, तो हाणून पाडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या विजेतून परत दिलेली वीज वजा करणारं मीटर, लागलं. तपासणीनंतर महिनाभरात ७८,००० खात्यात जमा झाले.

काय झालं

पहिल्या बारा महिन्यांत ४,१६० युनिट वीज तयार झाली. घराचा वापर ४,१००. म्हणजे बिल शून्य यायला हवं होतं. आलं नाही.

नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत १,८४० युनिट तयार झाले आणि १,२१० वापरले. ६३० युनिट जमा राहिले. नेट मीटरिंगमध्ये शिल्लक युनिट महिन्यागणिक पुढे जातात, पण ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब बंद होतो. उरलेले युनिट महावितरण वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि तो दर घरगुती दराच्या तुलनेत फारच कमी असतो. १ एप्रिलला पाटी कोरी. एप्रिलमध्ये वापर ५२०, निर्मिती ४२०. मेमध्ये ६१० आणि ४३०. विदर्भातल्या घरासाठी ही तारीख नेमकी उलटी पडते: शिल्लक संपते आणि दुसऱ्याच दिवशी कूलर सुरू होतात. घरात पहिली नाराजी इथे उमटली, कारण कोणत्याच कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नव्हतं.

तरी बिलाचा आकडा बोलका होता. मेमध्ये महावितरणकडून घेतलेली निव्वळ वीज १८० युनिट, बिल दोन हजारांच्या आत. पूर्वी नऊ हजारांच्या वर. एप्रिल ते सप्टेंबर मिळून ६१० युनिट विकत घ्यावे लागले, पण जवळजवळ सगळे पहिल्या स्लॅबमधले. २०२४-२५ च्याच दराने तुलना केली तर वर्षाचं बिल ५२-५३ हजारांवरून सात हजारांच्या आत आलं, आणि त्यातही स्थिर आकाराचा वाटा मोठा. या वेगाने १,१७,००० सुमारे अडीच वर्षांत फिटतात. सोलरने इथे मुख्यतः वरच्या स्लॅबची महाग वीज कापली. बचत एवढी मोठी दिसते ती त्यामुळे. महिना १५० युनिट वापरणाऱ्या घराने हाच हिशेब स्वतःला लावू नये.

दोन तक्रारी आल्या. मेमध्ये दुपारी बाराला इन्व्हर्टरवर अडीच किलोवॅटच्या वर आकडा जाईना. पॅनल खराब आहेत असा समज झाला. दोष काही नव्हता, ३.२४ मधून उष्णतेचे पावणेसोळा टक्के गेले, धूळ आणि इन्व्हर्टरचे थोडे गेले, की अडीचच उरतात. फेब्रुवारीच्या थंड, स्वच्छ दुपारी हीच पॅनल तीन किलोवॅटला टेकत होती.

दुसरी तक्रार खरी होती. जानेवारीत तीन वाजले की उत्पादन १,१०० वॅटवरून एकदम साडेतीनशेवर पडायचं. सावली दोनच पॅनलवर, पण स्ट्रिंग एक असल्याने सगळीच खाली ओढली जात होती. अनेक इन्व्हर्टरमध्ये सावली असताना सर्वात जास्त वीज देणारं व्होल्टेज शोधण्याची, म्हणजे स्कॅन करण्याची सोय असते. ती इथे कारखान्यातून बंद आली होती आणि बसवताना कोणी चालू केली नव्हती. चालू केल्यावर इन्व्हर्टर झाकलेली दोन पॅनल त्यांच्यातल्या बायपास डायोडवरून (करंटला वळसा देणारा भाग) ओलांडून बाकी चारांच्या व्होल्टेजवर स्थिरावू लागला. चार पॅनलचं तापलेलं व्होल्टेजही दीडशेच्या आसपास असल्याने हे जमलं. स्ट्रिंग पाच पॅनलची असती, तर उरलेली तीन इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेच्या काठावर आली असती.

वेगळं काय करता आलं असतं

चर्चेचा सगळ्यात मोठा वेळ पर्क की टॉपकॉन यात गेला, आणि उत्पादनाचा सगळ्यात मोठा चढउतार निघाला धुळीत. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूची राख आणि उन्हाळ्यातली माती मिळून पॅनलवर राखाडी साय धरते. एप्रिलमध्ये तीन आठवडे न धुतलेली पॅनल सकाळी अकराला धुतली, तेव्हा आधी १.७२ आणि नंतर १.९३ किलोवॅट अशी नोंद झाली. बारा टक्के, टॉपकॉनच्या वर्षभराच्या फायद्याच्या आठ-नऊ पट. त्यात १० अंशांच्या उतारामुळे पाणी खालच्या चौकटीशी साचतं आणि वाळल्यावर गाळाची पट्टी सोडतं. चौकटीला लावायच्या पाणी उतरवणाऱ्या क्लिपा फार स्वस्त असतात. त्या पहिल्या दिवशीच लावायला हव्या होत्या. साडेनऊ फुटांवरचं पॅनल धुवायला चढायचं कसं, हेही ढाचा करताना ठरवलं नव्हतं. नंतर बाजूला फूटभर रुंदीची फळी आणि शिडी जोडावी लागली. धुणं सकाळी सूर्य चढायच्या आधी, नळाच्या पाण्याने आणि मऊ वायपरने. पहिले दोन महिने बोअरचं पाणी वापरलं गेलं आणि काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसले. ते आजही पूर्ण निघालेले नाहीत.

अकराची ती धुलाईसुद्धा केवळ मोजण्यापुरती ठीक. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायची सवय लावू नये.

पाण्याची टाकी हलवण्याचा विचार कोणी केलाच नाही. ती जिन्याच्या खोलीवरून उतरवून उत्तरेच्या कोपऱ्यात चार फुटी ओट्यावर ठेवली असती, तर सावलीतला साडेचार फुटांचा भाग गेला असता आणि हिवाळ्यातली तीननंतरची गळती जवळजवळ थांबली असती. प्लंबरचा खर्च पाच-सहा हजार. खालच्या मजल्यावर दाब कमी पडला असता का, हे पाहावं लागलं असतं, पण निदान तो पर्याय कागदावर तरी यायला हवा होता.

आता मुलाचा प्रश्न आहे, सातवं पॅनल लावावं का, आणि लावायचंच तर टॉपकॉन का नको. एका स्ट्रिंगमध्ये करंट कमी असलेलं पॅनल बाकीच्यांना बांधून ठेवतं, त्यामुळे टॉपकॉनचा जादा करंट पर्कच्या १३ अँपिअरला अडकेल. नुकसान थोडं, पण फायदाही नाही. मंजूर क्षमता आणि करार बदलावा लागेल, आणि अनुदान वाढणार नाही. सातव्या पॅनलचे वर्षाचे ७०० युनिट धरले तर त्यातले निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतील आणि ३१ मार्चला कमी दराने जातील. उरलेल्यांतून वर्षाला अठ्ठावीसशे रुपये वाचतात. पॅनल, वाढीव ढाचा आणि मजुरी मिळून खर्च तीस हजारांच्या आसपास. तूर्त ते पॅनल लावलेलं नाही.